गरीब जनावरांची बाग

शेळी तुम्ही नेलीत. विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर सात खोपटांचा धनगरवाडा आहे, तिथून नेलीत. मागून नेली नाहीत, विकत नेली नाहीत, चोरून तर नाहीच नाही. चोराला निदान पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वहाणा हातात घ्याव्या लागतात. तुम्हाला तेवढीही तसदी पडली नाही. तुम्ही चिठ्ठी लिहिलीत, खाली सही ठोकलीत, आणि भरदिवसा शेळी तुमच्या दारात चालत आली. वर तुमच्या माणसांनी गावोगाव सांगितलं, की हे सगळं लेकरांसाठी आहे. लेकरांसाठी! मग धोंडाबाईच्या मांडीवर होतं ते काय होतं? दगड होता?

शेळी कसली होती ते आता ऐका. सही करताना तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सांगितलं असतं तरी तुम्ही ती केलीच असती, पण ऐका.

धोंडाबाईची एकुलती लेक फुलाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणात तिला मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी ती तापानं गेली. जावई मेंढरं घेऊन पार जेजुरीच्या पलीकडं होता. त्याला निरोप पोचेस्तोवर राखही पावसानं वाहून गेली होती. तो आला, उंबऱ्यावर बसला, पोरीकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "मामी, म्या रानोमाळ हिंडणारा. ही तुमीच सांबाळा." एवढं बोलून तो परत गेला. त्यालाही दोष देण्यात अर्थ नाही. मेंढरं थांबत नाहीत.

पोरीचं नाव अंबू ठेवलं. नाव ठेवून पोट भरत नाही. म्हशीचं दूध पाणी घालून, कापसाच्या बोळ्यानं तोंडात पिळलं, तर पोरगी ते दोन्ही बाजूंनी बाहेर टाकी. वाड्यातली दुसरी कुणी बाई त्या सालात ओली बाळंतीण नव्हती. तिसऱ्या दिवशी पोरीचं रडणं इतकं बारीक झालं, की चुलीपाशी बसलेल्या धोंडाबाईला ते मांजराच्या पिलाचं वाटलं.

त्याच आठवड्यात काबरीचं करडू मेलं. काबरी म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, दुसऱ्या वेताची शेळी. कास तटतटलेली, आणि रात्रंदिवस ओरडत दावणीभोवती फिरायची. धोंडाबाई तिच्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट आली.

आजवर तिनं शंभरेक कोकरं परक्या मेंढीला लावली असतील. कोकराची आई मेली, की ज्या मेंढीचं पिल्लू मेलंय त्या पिल्लाचं कातडं सोलायचं आणि पोरक्या कोकराच्या पाठीला बांधायचं. मेंढी हुंगते, तिला आपलाच वास येतो, ती पान्हा सोडते. तीन दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं. तोवर तिचं दूध पोटात जाऊन कोकराच्या अंगालाच तिचा वास लागलेला असतो. हे काम धनगराला शिकवावं लागत नाही. पण माणसाच्या पोटच्या पोराला कुणी असं केलेलं धोंडाबाईनं ऐकलं नव्हतं.

"अवो, त्या करडाचं कातडं काडा," ती नवऱ्याला म्हणाली.

गेनबा तिच्याकडं बघत राहिला. "पोरीला?"

"मग काय तुमाला?"

गेनबानं कातडं काढलं, मीठ चोळलं, चुलीच्या धगीवर शेकवलं. धोंडाबाईनं फुलाबाईच्या जुन्या लुगड्यात पोरगी गुंडाळली, वरून कातडं बांधलं आणि काबरीच्या पुढ्यात धरली. काबरीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिनं पोरीची टाळू चाटली, आणि मागचे पाय फाकवून उभी राहिली. धोंडाबाईनं पोरीचं तोंड सडाला लावलं. पोरगी अशी लुचायला लागली, की गेनबा तोंड फिरवून बाहेर गेला आणि उगाचच कुडाची काठी उपटून परत रोवायला लागला.

त्यानंतर वाड्यात चेष्टेला तोटा नव्हता. शेजारची चंद्राबाई म्हणायची, "धोंडाबाई, नातीचं लगीन आता बोकडाशी लावनार जनू."

"लावीन की. तुज्या मालकापरास बरा आसंल. दाडी तरी हाय त्येला."

गेनबा म्हणायचा, "म्या रोज सकाळी उठून पोरीच्या कपाळाला हात लावून बगतो. शिंगं फुटली का काय."

सव्वा महिना झाला तेव्हा धोंडाबाईनं फुलाबाईच्या लुगड्याचा काठ फाडून काबरीच्या गळ्यात बांधला. लेकराला पाजलं म्हणजे ती आई झाली. अशी शेळी त्या वाड्यात विकत नाहीत, कापत नाहीत, मेली तर माणसासारखी पुरतात. काबरीनंही पोरगी आपली मानली. अंबू रडली, की काबरी चरणं टाकून डोंगर उतरून यायची. दिवसातून सहादा, सातदा. हातानं धार काढायला बसलं तर मात्र ती दूध चोरायची. पोरीची टाळू हुंगल्याशिवाय पान्हा नाही.

आणि पाजून झालं, की धोंडाबाई अंबूच्या मुठीत चार भिजले हरभरे ठेवायची आणि काबरीपुढं मूठ धरायची. काबरी ओठांनी एकेक दाणा उचलायची, नखालासुद्धा दात लागायचा नाही. म्हातारीला त्यात गंमत वाटायची, आणि शेळीला सवय लागली. लेकराचा हात पुढं आला की खायचं, आणि तो अंगावर असेस्तोवर हलायचं नाही. धोंडाबाईनं तिला हे शिकवलं. पुढं त्याचा पस्तावा करत बसली ती.

पौषात धोंडाबाई तुपाचं गाडगं घेऊन नसरापूरच्या बाजाराला गेली. पोरगी पाठीला बांधलेली, काबरी मागं मोकळीच चालत. बाजारात लिंबाखाली पोरगी रडली, तशी काबरी आडवी येऊन उभी राहिली. धोंडाबाईनं पोरीला खाली धरलं. हां हां म्हणता गर्दी जमली. कुणी हसलं, कुणी हात जोडले. गर्दीतून काळ्या टोपीचा एक माणूस पुढं आला. तो कुंडलिक, किकवीचा. तुमच्याच कचेरीतला कारकून.

"मावशी, शिंग मारत नाही का ही?"

"शिंग? अवो रावसाहेब, धा पोरं अंगावर लोळली तरी कान हलवायची न्हाई."

"कुणाचीही पोरं?"

"तिला काय ठावं कुनाचं प्वार? हात बारका दिसला, की झालं. लेकराच्या मुठीतलं खाती, पर दात लावंल तर शप्पत!"

कुंडलिकनं खिशातून वही काढली. वाडा कुठला, नाव काय, असं विचारलं. धोंडाबाईनं आपलं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "तुमचं नको, शेळीचं." मग तिनं शेळीचं नाव सांगितलं. छाती फुगवून सांगितलं. परतीच्या वाटेवर ती काबरीला म्हणाली, "भवाने, सरकारात नाव लिवलं तुजं. आता काय बक्षीस द्येतील, गळ्यात घालून मिरव."

पाचव्या दिवशी चावडीवरचा शिपाई ज्ञानू चिठ्ठी घेऊन वर आला. धापा टाकत खोपटापुढं बसला, पाणी प्यायला, आणि मग चिठ्ठी वाचली. कामथडीच्या अलीकडं नदीच्या वळणावर शेतीचं आणि जनावरांचं मोठं प्रदर्शन भरलं आहे. साहेबांनी तिथं बालकांसाठी गरीब जनावरांची बाग केली आहे. मारणार नाहीत, चावणार नाहीत, अशी जनावरं मागवली आहेत. मुलांनी त्यांना हात लावावा, खाऊ घालावा. विंझरच्या वरच्या वाड्यातली काबरी नावाची शेळी दोन दिवसांसाठी हजर करावी.

गेनबा म्हणाला, "दुसरं कंचंबी शेरडू ने. चार हायती."

"नावानिशी लिवलंय, गेनबा. म्या काय करू?"

"आन् पोरगी दोन दिस काय खाईल? वारा?"

"त्ये चिट्टीत न्हाई लिवलेलं."

"मग चिट्टी लिवनाऱ्याला जाऊन सांग, की..."

"म्या सांगू?" ज्ञानू हसला, पण ते हसू नव्हतं. "मागल्या साली सायबाच्या मुक्कामाला कोंबड्या कमी पडल्या म्हनून मला दोन दिस चावडीत बसवून ठिवलं. दोन कोंबड्यांपायी. तू शेळीचं बोलतुयास."

धोंडाबाई पोरीला छातीशी घेऊन दावणीपाशी जाऊन उभी राहिली.  बाजारात नाव तर तिनंच दिलं होतं. ज्ञानूनं दावं लावलं. दाव्याची सवय नसलेली काबरी उतारापर्यंत मागं वळून वळून बघत गेली.

अंबू तेव्हा पाच महिन्यांची होती. त्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी जास्त रडली. दुसऱ्या शेळ्या तिला जवळ घेईनात, एकीनं तर लाथ घातली, ती धोंडाबाईच्या मनगटावर बसली म्हणून पोरगी वाचली. बोळ्यानं म्हशीचं दूध गेलं तेवढं हगवणीवाटे बाहेर पडलं. दोन दिवस झाले, काबरी आली नाही. तीन झाले. चौथ्या दिवशी उजाडताच धोंडाबाईनं पोरगी पाठीला बांधली.

"म्या बी येतो," गेनबा म्हणाला.

"तुमी नगा. तुमी भांडाल. म्या पाया पडंन."

वाट चांगली पाच कोसांची. ती न बसता चालली.

ती बाग तुम्ही बघितलेलीच आहे, तुमचीच होती. पण तुम्ही आतून बघितलीत, धोंडाबाईनं बाहेरून. बांबूची जाळी, तिला चुना फासलेला, वर कागदाच्या पताका. आत चार ससे, पाळीव होले, एक पाडस, एक मेंढी आणि तिचं कोकरू, एक ठेंगणं तट्टू. बुटांतली, लोकरी टोप्यांतली पोरं या जनावरांच्या अंगावरून हात फिरवत होती. कुणी सशाचे कान धरून त्याला उचलत होतं, कुणी तट्टाला केळं देत होतं. दाराशी पाटी होती: हात लावा, खाऊ घाला, माया करा. त्याखाली जनावरांची यादी. आणि मधोमध काबरी. गळ्यातला लुगड्याचा काठ कापून टाकलेला, तिथं निळी फीत. एक गुबगुबीत मुलगी तिला हाताहातानं जिलेबी भरवत होती आणि काबरी खात होती, कारण हात बारका होता.

दारावर कुंडलिक उभा. धोंडाबाईला बघून त्याचा चेहरा पडला.

"रावसाहेब, मला आत सोडा. एकडाव पाजती आन् जाती."

"मावशी, अधिकारीमंडळींच्या मुलांसाठी आहे ही बाग. पास लागतो."

"हे बी मूलच हाय की वो."

"ते दिसतंय मला. पण..."

तेवढ्यात अंबू कण्हली. रडणं म्हणण्याइतका जोर तिच्यात राहिला नव्हता. पण काबरीनं मान वर केली. जिलेबी खाली पडली. तिनं एक हिसका दिला, खुंटी उपटली आणि दोरासकट जाळीपाशी येऊन आडवी उभी राहिली. सडांतून दूध आपोआप मातीत ठिबकायला लागलं. धोंडाबाईनं जाळीच्या फटीतून पोरीचं डोकं आत सरकवलं. अलीकडं म्हातारी गुडघ्यावर, पलीकडं शेळी, आणि बांबूच्या मधे पोरीचं तोंड.

पोरं धावली, आणि त्यांच्या मागून साहेबांच्या बाईसाहेब आल्या.

"अगंबाई! हे बघितलंत का? शेळीला पितंय बाळ! किती गोड!" त्या कुंडलिककडं वळल्या. "हिला आत घ्या. आधी का नाही घेतलंत?"

धोंडाबाईला वाटलं, देवीच भेटली. तिनं पायांवर डोकं ठेवलं. बाईसाहेब खरोखरच्या वाईट नव्हत्या. त्यांनी पोरीला दुपटं दिलं, म्हातारीला राहायला तंबूमागं जागा दिली, पोटभर भाकरी देवविली. त्यांना पोरगी आवडली होती. जसा ससा आवडला होता.

संध्याकाळी कुंडलिक सांगायला आला. "मावशी, साहेबांनी वेळ ठरवून दिली आहे. सकाळी दहाला आणि दुपारी चारला, पाहुणे जमतात तेव्हा पाजायचं. मधे नाही."

"आन् मधी पोरगी रडली तर?"

"शेळीच्या कासेला तोवर पिशवी बांधतील. सगळ्यांना बघायला मिळालं पाहिजे ना."

सहा-सात वेळा पिणारी पोरगी दोन वेळांवर आली. धोंडाबाईनं मनाशी म्हटलं, दोन तर दोन, वर वाड्यात बसून एकदासुद्धा मिळत नव्हतं. तिनं मान हलवली. तुमच्या पाटीवर नवीन ओळ रंगवली गेली ती तिला वाचता येत नव्हती. तिथं सशांच्या आणि होल्यांच्या यादीखाली तिची नात मांडली होती: बाळ, एक.

दहाला घंटा व्हायची, पोरं गोळा व्हायची. पोरगी खाली धरली, की चाळीस हात पुढं यायचे. कुणी अंबूचा अंगठा ओढी, कुणी गाल दाबी, कुणी तिच्या तोंडात बिस्कीट कोंबी. "हिला शेपूट आहे का?" एकानं अगदी खरेपणानं विचारलं. धोंडाबाईला त्या पोरांचा राग आला नाही. पोरं ती पोरंच. त्यांना सांगितलं होतं की हात लावा, आणि त्यांनी लावला. घंटा आणि घंटा यांच्यामधे मात्र पोरगी रडायची आणि पलीकडून काबरी ओरडायची. पिशवीतून दूध झिरपून बागेच्या मातीत डाग पडायचा. म्हातारी त्या डागाकडं बघत बसायची.

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे सहा. प्रदर्शन वाढवलं होतं. मोठे पाहुणे यायचे होते.

ज्या दिवशी ते यायचे होते, त्या दिवशी गावोगावच्या अधिकाऱ्यांची नटलेली पोरं सकाळपासून बागेत होती. दहाची पाजणी रद्द झाली. एकदाच, दुपारी, पाहुण्यांपुढं होणार. त्या सकाळी काबरीनं काय काय खाल्लं ते धोंडाबाईनं जाळीआडून बघितलं. जिलेबी, पुऱ्या, गुळाचे खडे, आणि ओंजळी ओंजळी कच्ची ज्वारी. ज्वारीचं अख्खं पोतं तुम्हीच दारात ठेवलं होतं, पोरांना भरवायला. शेळीला पाल्याची सवय. कच्चं धान्य पोटात फुगतं, हे धनगराचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण काबरी नाही कशी म्हणणार? धोंडाबाईनं तिला नाही म्हणायला शिकवलंच नव्हतं.

सूर्य माथ्यावरून थोडा कलला, तेव्हा म्हातारीला काबरीची डावी कूस दिसली. पखालीसारखी ताणलेली. काबरी दात खात होती, मान पुढं काढून उभी होती, रवंथ बंद.

"रावसाहेब!" ती ओरडलीच. "प्वाट फुगलंय तिचं! तिला सोडा. तेल पाजाया पायजे, तोंडात काडी बांधून चालवाया पायजे. आत्ताच्या आत्ता!"

कुंडलिकनं बघितलं. तोही किकवीच्या शेतकऱ्याच्याच घरचा, त्याला कळलं. तो पळत तंबूकडं गेला. परत आला तो चालत आला.

"काय म्हनले?"

"थांबा म्हणाले. पाहुणे एवढ्यात येतील. तेलानं अंग माखेल, फीत खराब होईल. कार्यक्रम झाला, की मग काय ते करा."

"अवो, कारेक्रम हुईस्तवर ती ऱ्हातीया का!"

"मावशी, मी सांगितलं. दोनदा सांगितलं."

"म्या सांगती मग. कुटं हाय सायेब?"

तंबूच्या दारावरच्या शिपायांनी तिला आडवं धरलं. आत कपबश्यांचा आवाज येत होता. ती बाहेरूनच ओरडली, शेळी मरतीया, पोरीनं सकाळधरनं थेंब घेतला न्हाई. आतून कुणीतरी म्हणालं, "त्या बाईला जरा लांब बसवा."

चारला पाहुणे आले नाहीत. साडेचारला आले नाहीत. सावल्या जाळीच्या पलीकडं गेल्या तेव्हा मोटारीचा कर्णा वाजला. तोवर काबरी उभीच होती. फुगलेली शेळी आडवी पडायला बघते, पाय झाडते. काबरीनं ते केलं नाही, कारण एक ना एक लहानगं सारखं तिच्या पाठीवर हात ठेवून उभं होतं, आणि अंगावर हात असला की हलायचं नाही.

पाहुणे जाळीपाशी आले. पिशवी काढली. कुंडलिकनं धोंडाबाईला खूण केली.  पोरगी खाली धरावी तर शेळी अंगावर पडेल, न धरावी तर पोरगी उपाशी. तिनं धरली. पोरगी लुचायला लागली. काबरीनं मान वळवून तिची टाळू हुंगली. पाहुणे काहीतरी कौतुकाचं बोलले. तेवढ्यात काबरीचे पुढचे गुडघे मोडले.

धोंडाबाईनं पोरगी ओढून काढली. काबरी आधी पुढं, मग कुशीवर गेली. पाय दोनदा ताठ झाले.

"बसली! बसली!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांनीही वाजवल्या, असं लोक सांगतात. ते जाऊ द्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काबरीला बागेतून बाहेर ओढत काढलं तेव्हा पाहुणे तट्टाकडं गेले होते. म्हातारी म्हणाली, "हिला वर न्यायची हाय. पुरायची हाय." शिपाई हसले. कुंडलिक हसला नाही. त्यानं टोपी काढून तिथल्याच एका बांधावर ठेवली, कुदळ आणली आणि नदीच्या कडेला स्वतः खड्डा खणला. तो खणत होता आणि धोंडाबाई अंबूला काबरीच्या कासेला लावून बसली होती. कास अजून ऊन होती. राहिलेलं दूध पोरगी प्याली. मेलेल्या जनावराचं दूध पाजू नये, हे तिला ठाऊक होतं. पण पोरगी सकाळपासून उपाशी होती.

वाड्यात परत आल्यावर सगळं करून बघितलं. वरंधच्या बाजूची एक व्यालेली शेळी गेनबा खांद्यावर घालून घेऊन आला. तिनं तीन दिवस लाथा झाडल्या. कातड्याचा उपाय करायला तिचं करडू मेलेलं नव्हतं. गेनबानं सुरी बाहेर काढली. धोंडाबाईनं त्याचा हात धरला. "त्येची बी आय हाय," ती म्हणाली. त्यावरून दोघं भांडली, रडली, आणि सुरी तशीच पडून राहिली. विंझरच्या वैद्यानं सुंठ दिली, बाळकडू दिलं. हगवण थांबली नाही. रोज पोरीचे डोळे मोठे मोठे होत गेले. जोर नव्हता तरी ती उताराकडं तोंड करून कण्हायची, कारण काबरी नेहमी तिकडून यायची.

नवव्या दिवशी सकाळी गेनबानं सवयीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवला. बराच वेळ काढला नाही.

तिची माती झाल्यावर सात दिवसांनी धोंडाबाई पुन्हा खाली गेली. प्रदर्शन उठलं होतं. तंबू गुंडाळत होते. ससे कुणीतरी नेले होते. कुंडलिक खुर्च्या मोजून गाडीत चढवत होता. म्हातारी पाठीला काही न बांधता आलेली बघून त्याला कळलं. त्यानं खाली बघितलं.

"त्या दिशी 'थांबा' कुनी म्हनलं, रावसाहेब?"

"मावशी, आता त्याचा काय उपयोग?"

"म्या उपेगाचं न्हाई इचारलं. कुनी म्हनलं त्ये इचारलं. सायबानं? बाईसायबानं? का तुमीच?"

"मी नाही, शपथ! मला आतून सांगितलं. आतल्याला त्याच्या वरच्यानं सांगितलं असेल. ते वरून आलं होतं."

"वरनं?" धोंडाबाईनं डोंगराकडं बोट केलं. "वर आमी ऱ्हातो, लेका. आमच्या वर कुनी न्हाई ऱ्हात."

कुंडलिक पुन्हा खुर्च्या मोजायला लागला.  उत्तर तंबूत होतं, चहाच्या पेल्यापाशी. धोंडाबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिकाम्या मैदानात बसून राहिली. तिला नुकसान भरून नको होतं, दुसरी शेळी नको होती, माफीसुद्धा नको होती. तिला फक्त ते तोंड बघायचं होतं, ज्यातून तो एक शब्द निघाला.

ती अजून विचारते. जो कुणी डोंगर चढून येईल त्याला विचारते. जो येतो तो मान खाली घालतो, कारण येणारा तो नसतो. तुम्ही डोंगर चढत नाही.

तेव्हा तुम्हालाच विचारणं भाग आहे. तुम्ही एकटे होतात की चौघे, साहेब होतात की साहेबांचे साहेब, ते तुमचं तुम्ही ठरवा. शेळीचं पोट फुगलंय आणि पोरगी उपाशी आहे, हे कारकुनानं दोनदा आत कळवलं. ते ऐकून तंबूत 'थांबा' कोण म्हणालं? नाव सांगा.